मुकादमाची पिस्तुलं

जॉर्ज स्ट्रीटवरच्या एका सराफाच्या काचेआड, निळ्या मखमलीवर माझ्या बाबांची पिस्तुलं मांडून ठेवलेली दिसली, तेव्हा माझ्या हातातल्या पिशवीत दोन हॅडक मासे होते आणि त्यांचं पाणी कागदातून झिरपून माझ्या पायमोज्यावर टपकत होतं. आधी मी ती ओळखलीच नाहीत. घरचं माणूस भलत्या ठिकाणी भलत्या कपड्यांत दिसलं की आपण त्याला परकं समजून पुढे जातो, तसं झालं. थोडी पुढे गेले आणि मागे फिरले. तीच होती. चकमकीची, जुनी, लाकडाचा कणही नसलेली, नखशिखांत पोलादाची. मुठीच्या टोकाला मेंढ्याच्या शिंगांसारखी आत वळलेली दोन वेटोळी, त्यांच्या मधोमध एक गुंडी. चापाच्या जागी नुसता एक पोलादी मणी, त्याच्याभोवती कडंसुद्धा नाही. नळीवर, मुठीवर, जिथे जागा मिळेल तिथे चांदीच्या वेली. आमच्याकडे असताना त्या वेली काळ्याकुट्ट असायच्या. आता कुणीतरी घासून घासून त्यांना लग्नाला उभं केलं होतं. शेजारी पाटी होती: 'ग्लेन ऑरडलचा शूर डंकन मॅकफेल याची पिस्तुलं. एडिंबराच्या ऑरडल सोसायटीतर्फे कॅनडाचे श्री. रॉरी मॅकइसाक यांना येत्या शनिवारी समारंभपूर्वक भेट.' माझ्या बाजूला दोन बायका काचेला नाक लावून उभ्या होत्या. "काय नाजूक काम आहे गं!" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "असल्या वस्तूने गोळी घातली तर मरणारालाही बरं वाटत असेल." दोघी खिदळत चहा प्यायला निघून गेल्या. वॉल्टरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला सांगितलं होतं की पिस्तुलं साफ करायला दिली आहेत. ते खोटं नव्हतं. वॉल्टर कधीच पूर्ण खोटं बोलत नाही, तेवढी त्याची छाती नाही.

वॉल्टर पिटकेर्न दाताचा डॉक्टर आहे. त्याचे वाडवडील फाइफच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी आटवून मीठ काढायचे आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, पण वॉल्टरला ते खुपतं. डोंगरातला एखादा पूर्वज असावा, त्याच्या कमरेला तलवार असावी, त्याने निदान एकदा तरी हरलेल्या बाजूने लढावं, अशी त्याची फार इच्छा. तसा पूर्वज घरात सापडेना, म्हणून त्याने तो बायकोच्या माहेरून आणला. माझ्याशी लग्न केलं तेव्हा मी टपाल कचेरीत काम करणारी ग्लासगोच्या एका पोलिसाची मुलगी होते. पण माझं आडनाव मॅकफेल होतं, आमची मुळं ऑरडलच्या दरीत होती आणि मला तिथली जुनी गेलिक भाषा येत होती. हे तिन्ही गुण त्याने हुंडा म्हणून घेतले असं मी म्हणते, तेव्हा तो हसतो. त्याला ते विनोदी वाटतं. माझ्या जोरावर तो ऑरडल सोसायटीचा सभासद झाला, मग चिटणीस झाला. त्या सोसायटीत एक विमा कंपनीवाला आहे, एक टोप्यांचा दुकानदार, दोन वकील, बाकीचे पेन्शनर. महिन्यातून एकदा सगळे किल्ट, म्हणजे डोंगरातल्या पुरुषांचे चौकड्यांचे घागरे, घालून जमतात. त्यांचे गुडघे एवढे पांढरे असतात की ऊन त्यांना बिचकत असावं. पेला उंचावताना म्हणायचा गेलिकमधला एकच आशीर्वाद त्यांना येतो आणि तोही दाढ दुखत असल्यासारखा येतो. प्रत्यक्ष ऑरडलला ते एकदाच गेले, बस करून. पाऊस होता म्हणून बसमधून उतरले नाहीत. काचेतून दरी बघितली, सँडविच खाल्ली आणि एकाने डोळे पुसले. मी त्याच्या शेजारी बसले होते. मला त्याच्या रुमालाचीसुद्धा किळस आली.

दरीत बघण्यासारखं होतं तरी काय? गवत, मेंढ्या आणि दगडांचे चौकोन. एकेका चौकोनात एकेक घर होतं. छप्परं कुठे गेली हे सोसायटीतल्या कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. मालकाने मेंढ्यांसाठी दरी रिकामी केली, घरं जाळली, माणसं जहाजात भरून कॅनडाला पाठवली, हे त्यांना पाठ होतं आणि त्यावर ते गाणीही म्हणायचे. पण त्या गाण्यांत जाळणारा नेहमी मालक असायचा. मालक तर एडिंबरात बसून होता, त्याने त्या दरीत कधी काडी ओढली नाही. काडी कुणाच्या तरी हातात होती, आणि तो हात शेजारच्याच घरातला होता, हे गाण्यात बसत नाही. तो हात माझ्या पणजोबांचा होता. डंकन मॅकफेल, मालकाचा मुकादम. दरी रिकामी झाली आणि मालकाने त्याला ही पिस्तुलं दिली. मुठीवरच्या चांदीच्या चकतीवर अक्षरं आहेत: 'डंकन मॅकफेल यास, एकनिष्ठ सेवेबद्दल, त्याच्या कृतज्ञ मालकाकडून.' एवढंच. कसली सेवा ते कोरलेलं नाही. ती रिकामी जागा पुढे वॉल्टरने भरली. त्याने सोसायटीसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत मालकावर लुटारू चालून येतात आणि डंकन एकटा त्यांना पिटाळून लावतो. मी ती छापण्याआधी वाचली होती. तिच्यातली एक स्पेलिंगची चूक काढून दिली आणि बाकी काही बोलले नाही, कारण पिटाळलं होतं हे तर खरंच होतं.

बाबांनी पिस्तुलं कधी भिंतीवर लावली नाहीत. ग्लासगोला आमच्या स्वयंपाकघरात कोळशाची मोठी पेटी होती, तिच्या तळाशी मेणकापडात गुंडाळून ती ठेवलेली असायची. कोळसा संपत आला की फावडं त्यांच्यावर आपटायचं आणि आई म्हणायची, "मुकादम जागा झाला, कोळसा मागवा." बाबांना तो विनोद आवडायचा नाही. पोलिसातला धिप्पाड माणूस, दारुड्यांना एका हाताने उचलणारा, पण त्या आवाजाने त्याची मान खाली जायची. मी मोठी झाल्यावर एकदा त्यांनी ती बाहेर काढली, मला सगळं सांगितलं आणि दोन शिंगांमधली ती गुंडी फिरवून दाखवली. गुंडीला आत सुई असते, बारुदाचं छिद्र मोकळं करायला. त्या सुईने त्यांनी आपला ओढायचा पाईप साफ केला. मी विचारलं, "बाबा, विकून का टाकत नाही?" ते म्हणाले, "विकली तर ते पैसे खावे लागतील." "मग नदीत फेका." "फेकली तर कुणीतरी बाहेर काढेल आणि कौतुकाने भिंतीवर लावेल." मग ती परत कोळशाखाली गेली. मला वाटतं, आयुष्यात मी मनापासून मान दिला असा तो एकच माणूस, आणि तोही त्या पेटीमुळे. ते वारल्यावर वॉल्टर ग्लासगोला आला, पेटी उपसली, मेणकापड सोडलं आणि गुडघ्यांवर बसूनच म्हणाला, "उना, उना, हे तू मला कधी सांगितलं नाहीस!" त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि चेहऱ्यावर असा आनंद होता की मला तेव्हाच सगळं सांगून टाकायला हवं होतं. पण ज्याला आपण तुच्छ मानतो त्याला सत्य कशाला द्यायचं? सत्य काय रस्त्यावर पडलंय? ते माझं होतं. पिस्तुलं त्याने बैठकीच्या खोलीत लावली, आणि पाहुणे त्यांच्याकडे माना वर करून बघत तेव्हा मी चहा ओतत असे आणि मनात हसत असे. ते हसू मला पुरत होतं. कितीतरी वर्षं पुरलं.

त्या संध्याकाळी मी मासे तळून त्याच्यापुढे ठेवले आणि म्हटलं, "सराफाकडे छान दिसतायत पिस्तुलं."

तो काटे काढण्यात गुंतला. "तुला सांगणारच होतो गं. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता."

"दिलास. पाटीवर 'शूर' लिहिलंयस."

"मग काय 'भित्रा' लिहू? बघ उना, मॅकइसाकचे लोक ऑरडलचेच. तिकडे त्याचे लाकडाचे कारखाने आहेत. आपल्या हॉलचं छप्पर गळतंय, गेडिस म्हणतो की मोठ्या माणसाकडे काही मागायचं तर आधी मोठं काहीतरी द्यावं." गेडिस म्हणजे तो विमा कंपनीवाला, सोसायटीचा अध्यक्ष. "आणि आपल्याला मूल ना बाळ. आपल्यामागे त्यांचं काय होणार? तू हरकत घेणार असशील तर आत्ताच सांग. पाटी लागलीय, पेपरात आलंय, पण तू नाही म्हणालीस तर मी नाक मुठीत धरून सगळं परत घेईन. तुझ्या बाबांची आहेत ती."

हे तो खरंच बोलत होता. वॉल्टरचा हाच त्रास आहे, त्याला पुरतं नालायकही होता येत नाही. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि माझ्या लक्षात आलं की बाबांना जे सुचलं नाही ते या मिठागरवाल्याच्या नातवाला नकळत सुचलं होतं. विकायची नाहीत, फेकायची नाहीत, पण देता येतात! मानाने, वाजतगाजत, मखमलीच्या पेटीत घालून, समुद्रापलीकडे. आणि कुणाला, तर ज्यांची घरं जाळली त्यांच्याच वंशजाला. तो ती आपल्या दिवाणखान्यात लावेल, पाहुण्यांना दाखवेल, आणि आमच्या घरातून ती कायमची जातील. मी एक शब्द बोलायचा नाही, बस्स. यात फसवणूक आहे हे मला कळत होतं. पण कारखानेवाला कॅनडियन, पूर्वजांच्या शोधात बोटीने येतो, त्याला घागरेवाले हवे असतात, पुस्तिका हव्या असतात. असल्या माणसाला फसवायचं म्हणजे काय करायचं? तो तर फसायला भाडं भरून येतो. "दे," मी म्हटलं. "दे खुशाल." वॉल्टरने टेबलावरून माझा हात दाबला, त्याच्या बोटांना माशाचं तेल होतं. पुढचे दिवस मी घरभर हलकी होऊन वावरत होते. भिंतीवर जिथे पिस्तुलं होती तिथला कागद उजळ राहिला होता, तिथे मी एक फुलांचं चित्र लावून टाकलं.

शनिवारी दुपारी हॉटेलात सगळे जमले. दारात पाइपवाला उभा राहून बॅगपाइप फुंकत होता, गाल फुगवून, भाड्याने आणलेला. मला पाहुण्याच्या शेजारी बसवलं होतं, कारण गेलिक येणारी तिथे मी एकटीच. पाहुणा आला तेव्हा मला थोडं निराश व्हायला झालं. मी चेक्सचं जाकीट आणि मोठा आवाज धरून चालले होते, आणि हा एक काटकुळा म्हातारा होता, काळ्या सुटातला. घागरा नाही. डाव्या हाताची दोन बोटं करवतीने गेलेली. मटणाचं सार त्याने आवाज करत प्यायलं आणि पाव मोडून त्यात बुडवला. समोरच्या वकिलाची बायको दुसरीकडे बघू लागली. गेडिसचं भाषण झालं, लांबलचक. त्यात धुकं होतं, रक्त होतं, शूर डंकन आणि लुटारू होते, आणि शेवटी, जाता जाता, हॉलचं छप्पर होतं. टाळ्या झाल्या. पेटी म्हाताऱ्यापुढे ठेवून उघडली गेली. छायाचित्रकाराचा झोत पडला. वॉल्टर माझ्या मागे येऊन वाकला आणि त्याला म्हणाला, "मिस्टर मॅकइसाक, ही माझी बायको. अस्सल ऑरडलची बरं का! तुमची भाषा बोलते."

म्हाताऱ्याने पिस्तूल हातात घेतलं होतं, ते तसंच धरून तो माझ्याकडे वळला आणि गेलिकमध्ये म्हणाला, "असं होय? तू कुणाची गं, पोरी?"

पोरी! माझे केस पांढरे झाले होते. पण बाबा गेल्यापासून कुणी मला हा प्रश्न विचारला नव्हता. आमच्यात नाव विचारत नाहीत, नावाने काय कळतं? आमच्यात कुणाची ते विचारतात, आणि मग आपण बापाचं, आजाचं, पणजाचं असं एकेक नाव मागे मागे सांगत जायचं, समोरच्याला ओळख पटेपर्यंत. ओळख पटायच्या आधी थांबणं म्हणजे दार तोंडावर लावणं. लहानपणी बाबा मला ती नावं म्हणायला लावायचे. माझी जीभ माझ्याआधीच चालायला लागली. "यूएनची उना," मी म्हटलं.

"यूएन कुणाचा?"

"नीलचा."

"नील, नील." त्याने मान हलवली. ओळख पटत नव्हती. त्याचे डोळे पाणीदार आणि अगदी शांत होते. "आमच्याकडच्या म्हाताऱ्या सगळ्या घरांची नावं सांगायच्या, नील नव्हता त्यात. नील कुणाचा गं?"

इथे थांबता आलं असतं. जॉन म्हणता आलं असतं, आंगस म्हणता आलं असतं, दरीत डझनावारी असतील. कोण तपासणार होतं? पेटी बंद झाली असती, बोटीवर चढली असती. मागे वॉल्टर उभा होता, एक शब्द कळत नसताना दोघांकडे बघून हसत होता. मला वाटलं, की आता मी एखादं नाव रचलं तर मी त्याची पुस्तिकाच पुढे लिहीन, त्याच्याच शाईने. चांगुलपणाने मी खरं बोलले असं कुणी समजू नये. मला वॉल्टर व्हायचं नव्हतं, एवढंच. "डंकनचा," मी म्हटलं. "डंकन मुकादमाचा. तुमच्या हातात आहे ते त्याचंच. लुटारूबिटारू कुणी नव्हते. त्याने छप्परं जाळली, आणि हे त्याचं बक्षीस."

पिस्तूल त्याने उताणं केलं, चकतीवरून अंगठा फिरवला. मी वाट बघत होते. काय हवं होतं मला? त्याने ओरडावं, पेटी उलथून टाकावी, थुंकावं. त्याने तसं केलं असतं तर मी ते सोसलं असतं, अगदी ताठ मानेने. इतकी वर्षं मी त्याचीच तर तयारी केली होती. आणि तो म्हातारा हसायला लागला. खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"दुधाचा डंकन!" तो म्हणाला. "अगं, तू दुधाच्या डंकनची? म्हणजे तो खरंच होता?"

"दुधाचा?"

"तुला नाही माहीत? छप्पर पेटवायच्या आधी तो आत शिरून चूल विझवायचा. आमच्या चुली कधी विझत नसत, पिढ्यान्‌पिढ्या तेच निखारे. आणि पाणी आणायचा कंटाळा म्हणून घरातलंच दूध ओतायचा, पोरांसाठी ठेवलेलं. माझ्या आईच्या घरी, आता माझ्या लेकीच्या घरीही, दूध उतू जाऊन शेगडीवर पडलं आणि तो करपट वास सुटला ना, की बायका ओरडतात, 'अगं बाई, डंकन आला! झाकण घाला, डंकन आला!' नातवंडांना वाटतं, डंकन म्हणजे भूत. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटायचं." त्याने डोळे पुसले. "लेकीला सांगितलं तर तिला खरं वाटायचं नाही. डंकनच्या पणतीशेजारी बसून जेवलो म्हणून."

हे बाबांनी मला सांगितलं नव्हतं. कदाचित त्यांनाही ठाऊक नव्हतं. छपरांचा भार आम्ही तीन पिढ्या कोळशाखाली वाहिला, मान खाली घातली, आणि त्या लाजेवर मी केवढा डोलारा उभा केला होता! सगळे मूर्ख, मी एकटी जाणती. सगळे सोंगाडे, मी एकटी खरी. आणि समुद्रापलीकडे आम्ही कोण होतो? उतू गेलेलं दूध. त्यांनी आमचा द्वेषसुद्धा केला नव्हता. झाकण घातलं आणि कामाला लागले. मी लोकांना आयुष्यभर तुच्छ मानत आले, पण इतक्या सहज, इतक्या हसत, मला कधी जमलं नव्हतं.

म्हाताऱ्याने पिस्तूल पेटीत जागच्या जागी ठेवलं, पेटी बंद केली आणि माझ्या पुढ्यात सरकवली. हळूच, गेलिकमध्ये, राग नसलेल्या आवाजात तो म्हणाला, "हे तुमचंच, बाळ. आमचा वाटा आम्हांला तेव्हाच मिळाला." मग तो खुर्चीला धरून उठला आणि सगळ्यांना कळेल अशा इंग्रजीत म्हणाला की या बाईंशी माझं बोलणं झालं आहे, ही वस्तू यांच्या घराण्याची आहे आणि ती यांच्याकडेच शोभते, म्हणून मी ती सर्वांसमक्ष यांना भेट देतो. हॉलच्या छपराचं मात्र माझ्याकडे लागलं. छप्पर प्रत्येकाला हवं. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पेले किणकिणले. गेडिस उभा राहिला, वकील उभे राहिले, टोप्यांचा दुकानदार रडत होता. कुणीतरी पाइपवाल्याला खूण केली आणि त्याने गाल फुगवले.

"काय म्हणाला गं तो?" वॉल्टर माझ्या कानाशी ओरडला. "एवढं काय सांगितलंस तू त्याला?"

"कुणाची ते सांगितलं."

"आणि त्याने परत दिली! उना, किती मोठं मन आहे माणसाचं!" त्याचे डोळे भरून आले होते. आता ती घरातून कधीच जाणार नाहीत, भिंतीवर आता पाटीही लागेल, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं मला दिसत होतं. छायाचित्रकार टेबलांमधून वाट काढत पुढे आला. "बाई, पेटी नको, पिस्तुलंच घ्या दोन्ही हातांत. अशी. जरा वर. अजून वर. आणि मॅडम, थोडं हसा की!" म्हातारा पुन्हा पावाचा तुकडा सारात बुडवत होता, माझ्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. सगळे उभे होते, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि पिस्तुलं मला वाटत होती त्याहून फारच जड होती. मी ती वर धरली आणि हसले.